चाल ओळखीची, वाजवणारा अनोळखी

लग्नसराईत महाडच्या बाजारपेठेतून वरात निघाली की बँडमधला सॅक्सोफोन अख्ख्या पेठेला ऐकू जातो. पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाड्यांत पालखीपुढे अजून खालूबाजा वाजतो; सनई, ढोल, टिमकी. दोन्हीकडे फुंकणारा माणूस सगळ्यांच्या पुढे असतो. गाणं कुठलं चाललंय हे शेंबडं पोरही सांगतं. पण वाजवणारा कोण, असं विचारलं तर फार तर पार्टीचं नाव कळतं, नाहीतर गावाचं.

जगात दुसरीकडे याच सॅक्सोफोनवर ब्लूज वाजवणाऱ्यांनी स्टुडिओत बसून आल्बम केले. त्यांवर लेख आले, भांडणं झाली, वाजवणाऱ्यांची नावं विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत गेली. आपल्याकडे, म्हणजे मुंबई, गोवा आणि त्यांना जोडणाऱ्या महामार्गावरच्या महाड-पोलादपूरसारख्या गावांत, यातलं काय पोचलं, काय इथेच घडलं आणि ज्यांनी ते घडवलं त्यांची दखल कोणी घेतली, याचा हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगतो. सॅक्सोफोनच्या आल्बमचं स्वागत कसं होतं हे संगीतावर जेवढं ठरतं, त्याहून जास्त ते फुंकणाऱ्याला समाज कुठल्या पायरीवर बसवतो यावर ठरतं. जिथे फुंकणं ही चाकरी असते तिथे चालीला टाळ्या पडतात आणि वाजवणाऱ्याच्या हातात सुपारीचे पैसे पडतात.

ब्लूजची रचना मराठी कानाला मुळीच अवघड नाही. बारा मापं, प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. गाण्यात पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीनं तिला उत्तर द्यायचं. आपल्या शाहिरांची, कोरस धरणाऱ्या साथीदारांची सवय असलेल्याला ही मांडणी लगेच उमजते. खरी गंमत स्वरांत आहे. गंधार आणि निषाद शुद्ध आणि कोमल यांच्या मधे कुठेतरी लावायचे असतात, आणि पियानोच्या पट्ट्यांवर ती जागाच नसते. सॅक्सोफोनवर ती सापडते. ओठांचा दाब किंचित कमी-जास्त केला की स्वर सरकतो, मींड निघते. फुंकताना घशातून गुणगुणलं की स्वर खरखरीत होतो. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिरानं १८४६ मध्ये पॅरिसला या वाद्याचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे लष्करी बँड होते. वाद्याचं धड पितळेचं, पण आवाज येतो तो बोरूच्या एका पत्तीतून. सनईला दोन पत्त्या असतात एवढाच काय तो फरक. गळ्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं वाद्य ब्लूज गाणाऱ्यांना मिळालं नसतं.

पण अमेरिकेतही या संगीताचं स्वागत समीक्षकांनी केलं नाही. १९२० मध्ये मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेनं ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं. ती तबकडी कष्टकरी कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या पैशानं एवढी उचलली की कंपन्यांना या गिऱ्हाइकाची वेगळी बाजारपेठ करावीशी वाटली. या तबकड्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. मालाची जातच लेबलावर छापलेली. कोलमन हॉकिन्स हा पुढे जॅझमधल्या टेनर सॅक्सोफोनचा पहिला मोठा वादक ठरला. त्यानं कोवळ्या वयात याच मॅमी स्मिथच्या ताफ्यात उमेदवारी केली होती.

चाळीसच्या दशकात सॅक्सोफोन ब्लूजच्या मध्यभागी आला. १९४२ मध्ये लायनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात एकोणीस वर्षांच्या इलिनॉय जॅकेटनं ‘फ्लाइंग होम’मध्ये एक सोलो वाजवला आणि एकेका स्वरावर घुमत, किंचाळत राहणाऱ्या वादकांची पिढी उभी राहिली. बिग जे मॅकनीलीची ‘डीकन्स हॉप’ १९४९ मध्ये कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. हा गडी रंगमंचावर पाठीवर पडून वाजवायचा. १९५१ चं त्याचं तसं छायाचित्र प्रसिद्ध आहे. समोर पोरं बेभान झालेली दिसतात. गंभीर जॅझ समीक्षकांना हे सगळं उथळ वाटलं. ‘नुसती किंकाळी’ अशा थाटात त्याची बोळवण झाली. या वादकांना न्याय द्यायला एक कृष्णवर्णीय लेखक यावा लागला. लेरॉय जोन्स, पुढे अमिरी बराका या नावानं ओळखला गेलेला, यानं १९६३ च्या ‘ब्लूज पीपल’मध्ये मांडलं की ब्लूज बदलत गेला तो ते लोक बदलत गेले म्हणून. गुलामीतून शेतमजुरीत, शेतमजुरीतून शहरात. ज्या त्या टप्प्याचा आवाज वेगळा. ती किंकाळीही मग नुसती किंकाळी उरत नाही.

या सगळ्या इतिहासात एका आल्बमपाशी मला थांबायचंय, कारण स्वागताचा प्रश्न तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो आणि त्याचा वादक पुढे आपल्या मुंबईत येऊन राहिला. २२ जून १९५६ रोजी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक इथे, रूडी व्हॅन गेल्डरच्या राहत्या घरातल्या स्टुडिओत, पंचविशीतल्या सनी रोलिन्सनं प्रेस्टिज कंपनीसाठी ‘सॅक्सोफोन कोलोसस’ वाजवला. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स, ड्रमवर मॅक्स रोच. पाच रचना. पहिलीच ‘सेंट थॉमस’, कॅरिबियन लोकधुनेवरची. रोलिन्सची आई त्याच बेटांकडची. आणि शेवटची ‘ब्लू सेव्हन’, अकरा मिनिटांहून लांब, सरळ बारा मापांचा ब्लूज.

‘ब्लू सेव्हन’ ऐकताना मराठी श्रोत्यानं एकच करावं: सुरुवातीचा छोटा मुखडा लक्षात ठेवावा. वॉटकिन्सचा बास एकटाच चालत येतो, मग रोलिन्स चार-सहा स्वरांचा एक तिरका तुकडा टाकतो. पुढची सगळी बढत त्या तुकड्यातून निघते. तो उलटतो, अर्धाच घेतो, लय बदलून परत आणतो, मधे बराच वेळ गप्प राहतो. मॅक्स रोच ड्रमवर तेच करतो. बंदिशीचा मुखडा हाती धरून गवई विस्तार करतो आणि समेवर येताना मुखड्याची आठवण देतो, ही आपल्या बैठकीतली शिस्त इथे ब्लूजच्या आवर्तनात दिसते. मला स्वतःला ‘सेंट थॉमस’च्या उत्साहापेक्षा ‘ब्लू सेव्हन’चा हा संयम मोठा वाटतो.

हेच १९५८ मध्ये गुंथर शुलर या संगीतकारानं ‘द जॅझ रिव्ह्यू’ या नव्या मासिकात बारकाईनं लिहून दाखवलं. नट हेन्टॉफ आणि मार्टिन विल्यम्स त्या मासिकाचे संपादक. शुलरचं म्हणणं असं की, जॅझमधला उत्स्फूर्त विस्तार बहुधा सुचेल तसा पुढे जातो. रोलिन्सनं मात्र एका बीजातून सगळी इमारत उभी केली. एका वादकाच्या वाजवण्याला रचनाकाराच्या कामाचा दर्जा देणारं ते लेखन होतं. त्याचा परिणाम दुहेरी झाला. आल्बमची गणना अभिजात कृतींत होऊ लागली; पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतला. पण खुद्द रोलिन्स अवघडला. आपण काय वाजवतो याचं दुसऱ्यानं केलेलं विच्छेदन वाचून आपण स्वतःकडे फार जाणीवपूर्वक पाहू लागलो, असं त्यानं पुढे सांगितलं. १९५९ मध्ये त्यानं कार्यक्रम बंद केले आणि दोनेक वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तो तासन् तास एकटा वाजवत राहिला. पूल त्या लेखामुळे गाठला असं कुणी म्हणू नये. कारणं बरीच होती. तरीही चांगल्या स्वागताचाही भार असतो, हे या प्रकरणातून दिसतं.

ब्लूज हाच विषय धरून केलेला आणखी एक सॅक्सोफोनवादकाचा आल्बम सांगायलाच हवा: ऑलिव्हर नेल्सनचा ‘द ब्लूज अँड द ॲब्स्ट्रॅक्ट ट्रूथ’, फेब्रुवारी १९६१ चा. ज्याला ब्लूज म्हणजे दारूच्या अड्ड्यावरचं रडगाणं वाटतं त्यानं यातलं ‘स्टोलन मोमेंट्स’ ऐकावं. समीक्षक आणि वादक दोघांनीही तो उचलून धरला.

आता मुंबई. साठच्या दशकाच्या अखेरीस रोलिन्सनं पुन्हा एकदा व्यासपीठ सोडलं आणि पवईच्या आश्रमात काही महिने काढले. योग, ध्यान, वेदान्त. एका जागी बसून ध्यान जमेना, तेव्हा वाजवताना तू जे करतोस तेच ध्यान आहे, अशा अर्थाचं तिथल्या गुरूंनी सांगितल्याची आठवण तो सांगे. जगातला पहिल्या रांगेतला सॅक्सोफोनवादक मुंबईच्या उपनगरात राहून गेला आणि शहराला त्याचा पत्ता लागला नाही. १९७८ मध्ये तो परतला तेव्हा मात्र धोबीतलावच्या रंगभवनात गर्दी होती. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’चा तो मोठा पाहुणा होता. हे स्वागत खरं होतं, पण दक्षिण मुंबईपुरतं. त्यावरची चर्चा मुख्यतः इंग्रजी वाचणाऱ्यांत झाली.

त्याच मुंबईत आपलेही सॅक्सोफोनवादक होते, आणि त्यातले बरेचसे गोव्याचे. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत. त्या शिदोरीवर ही मंडळी मुंबईच्या हॉटेलांत, लष्करी बँडांत, मग सिनेमाच्या स्टुडिओंत शिरली. तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आले, आणि गोवेकरांनी ब्लूजचे स्वर थेट त्यांच्याकडून कानानं उचलले. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ आणि ग्रेगरी बूथ यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ या दोन इंग्रजी पुस्तकांनी हा इतिहास वाचवला. मराठीत त्यांच्या तोडीचं काम अजून व्हायचंय, आणि ते आपणच करायला हवं, कारण ही गाणी ऐकत मोठे झालेले लोक आपलेच आहेत.

महाडच्या माणसानं सॅक्सोफोन ऐकला तो या सिनेमाच्या स्टुडिओतून, रेडिओवर. आणि जो ऐकला तो बहुतेकदा मनोहारी सिंग यांचा. १९३१ मध्ये कोलकात्यात जन्म, बाटा कंपनीच्या बँडमध्ये सुरुवात, १९५८ च्या सुमारास मुंबई. ‘काश्मीर की कली’, ‘गाइड’, ‘आराधना’ या चित्रपटांतल्या ज्या गाण्यांत सॅक्सोफोन गायकाच्या बरोबरीनं बोलतो, तो त्यांचा. ‘आराधना’तल्या त्या पावसातल्या गाण्यात ब्लूजची सावली स्पष्ट आहे, स्वर सरळ लागत नाही, खालून सरकत येतो. कोट्यवधी लोकांनी तो ऐकला. तबकडीवर गायक, संगीतकार आणि चित्रपटाचं नाव असे, मनोहारींचं नसे. त्यांचं नाव सर्वसामान्य रसिकांपर्यंत पोचायला फार काळ जावा लागला. २०१० मध्ये ते गेले.

वादकाच्या नावानं तबकड्या निघत नव्हत्या असं नाही. मास्टर इब्राहिम यांची क्लॅरिनेट, व्हॅन शिप्ले यांचं गिटार, पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचं ॲकॉर्डियन घराघरांत वाजलं. पण वेष्टनावर वादक असला तरी विकली जात होती ती सिनेमाची धून. ऐकणारा मनात शब्द म्हणत ऐकायचा आणि मूळ गाण्याशी ताडून पाहायचा. वादकानं स्वतःचं काही म्हणावं, असा तो करारच नव्हता.

हा करार मोडणारी तबकडी १९७० मध्ये निघाली. ब्राझ गोन्साल्विस हा गोव्याचा सॅक्सोफोनवादक, चिक चॉकलेटचा जावई, मुंबई आणि कोलकात्याच्या हॉटेलांत घडलेला. ‘द ब्राझ गोन्साल्विस सेव्हन’ या नावानं त्यानं ‘रागा रॉक’ केली. रागाची स्वरावली घेऊन तिच्यावर जॅझ-रॉकच्या अंगानं विस्तार करायचा, अशी ती झेप. परदेशात १९६६ पासून जो हॅरियट आणि जॉन मेयर यांच्या ‘इंडो-जॅझ’ प्रयोगांवर बोललं जात होतं. इथे मात्र हॉटेलात नाचासाठी वाजवणाऱ्या माणसानं हे धाडस केलं. पुढे लुई बँक्स यांच्या जोडीनं ‘जॅझ यात्रे’च्या ताफ्यातून तो युरोपभर वाजवत फिरला, तिथे नावाजला गेला. आज ही तबकडी संग्राहक शोधत फिरतात. पण आपल्या संगीतविचाराला ती धरता आली नाही. १९६१ मध्ये वामनराव देशपांडे ‘घरंदाज गायकी’सारखं पुस्तक लिहितात, पुढे अशोक दा. रानडे लोकसंगीतापासून नाट्यसंगीतापर्यंत सगळ्याचं नेमकं विश्लेषण करतात, एवढी समृद्ध समीक्षा ज्या भाषेत आहे तिला शुलरसारखा लेख लिहिणं काही जड नव्हतं. बढत, मींड, लयकारी, जागा हे शब्द तयार होते. फक्त हॉटेलात किंवा वरातीत फुंकणारा माणूस त्या शब्दांना पात्र आहे, असं कुणाला वाटलं नाही.

शेजारच्या कर्नाटकात हे बदललं. कद्री गोपालनाथ हे मंगळूर भागातल्या नागस्वरम् वाजवणाऱ्या घराण्यातले. बँडमध्ये ऐकलेला सॅक्सोफोन त्यांनी कर्नाटक संगीतासाठी घासूनपुसून तयार केला, मैफलीत बसवला आणि १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात वाजवला. अमेरिकेत वाढलेल्या रुद्रेश महंतप्पाबरोबरचा त्यांचा ‘किन्समेन’ हा २००८ चा आल्बम तिथल्या समीक्षकांनी डोक्यावर घेतला. मंदिराशी बांधलेलं घराणं आणि मैफलीची चौकट या दोन गोष्टी मिळाल्या की तेच वाद्य प्रतिष्ठित होतं.

आणि इथे महाडकडे परत यावं लागतं, कारण फुंकणाऱ्याच्या पायरीचा प्रश्न या गावानं फार आधी विचारलाय. कोकणात वाजंत्रीपण ही अस्पृश्य मानलेल्यांवर लादलेली गावकीची चाकरी होती. देवाच्या पालखीपुढे वाजवायचं, पण देवळाच्या आत यायचं नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद इथे भरली, बंदी असलेलं पाणी घ्यायला लोक चवदार तळ्यावर गेले, डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली. त्यानंतरच्या काळात आंबेडकरी चळवळीतल्या अनेकांनी ठरवून अशी कामं सोडली, त्यांत वाजवणंही आलं. याकडे कला हरवल्याची हळहळ म्हणून पाहणं मला मान्य नाही. ज्याला नकार द्यायचा हक्क नाही त्याचं वाजवणं चाकरीच राहतं. आधी नकार आला, आणि मग त्याच माणसांनी स्वतःच्या इच्छेनं नवं गाणं उभं केलं.

ते गाणं म्हणजे आंबेडकरी जलसा. तीसच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातून पारंपरिक गण-गवळण बाजूला सारली आणि गावोगावी विचार पोचवला. पुढे वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे. तबकड्या आल्या, ऐंशीच्या दशकात कॅसेट आल्या. अपमानातून जन्मलेलं, मजुरांच्या वस्तीत वाढलेलं, बाजारानं विकलेलं आणि उच्चभ्रू समीक्षेनं दाराबाहेर ठेवलेलं, हा ब्लूजचा सगळा जीवनक्रम आपल्याकडे कुठल्या गाण्यानं जगला असेल तर या गाण्यानं. १९७२ मध्ये दलित पँथरनं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून नाव घेतलं आणि त्याच काळात जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांचं साहित्य आणि संस्कृती मराठीत आणली. तेव्हा साहित्यातली ही नाती मोठ्या जाणतेपणानं तपासली गेली. गाण्यातली नाती तेवढी कुणी तपासली नाहीत. एक फरक मात्र ठळक आहे. ब्लूज बहुधा एकट्याचं दुःख सांगतो, त्यात बाई गेलेली असते, घरभाडं थकलेलं असतं. आपलं गाणं ‘आम्ही’ म्हणून उभं राहतं आणि कुणाला तरी जाब विचारतं. म्हणून ब्लूजचे नुसते स्वर उसने घेऊन ‘मराठी ब्लूज’ होणार नाही.

दरवर्षी २० मार्चला महाडात जे लोक येतात ते या गाण्यांचे खरे परीक्षक आहेत. ‘क्रेझी ब्लूज’ विकत घेणाऱ्यांसारखे तेही पदरचे पैसे मोडून गाणं घेतात, पूर्वी कॅसेट, मग सीडी, आता पेनड्राइव्ह. आवडलं नाही तर घेत नाहीत. त्यांना गायक, कवी ठाऊक असतात आणि हे सिनेमासंगीतापेक्षा एक पाऊल पुढचं आहे. पण याही ध्वनिमुद्रणांत मधल्या जागा भरणारी क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन वाजवणारा अनामच राहतो.

लग्नाच्या बँडची गोष्ट तर आणखी बिकट झालीय. आधी बेंजोनं आणि मग डीजेनं पितळी बँडची जागा खाल्ली. खालूबाजाला छबिन्याचा, शिमग्याचा आधार आहे. बँडमधल्या सॅक्सोफोनला तो नाही. लग्नांचा मोसम संपला की बँडवाल्यांतल्या कितीजणांना दुसरी मजुरी शोधावी लागते. अशा वादकानं स्टुडिओचं भाडं भरून स्वतःचा आल्बम करावा ही अपेक्षा आज अवास्तव आहे. मोबाइलवर त्याचं वाजवणं चित्रित होतं, हजारो लोक पाहतात, खाली गाण्याचं नाव असतं आणि नवरा-नवरीचं.

२० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतायत. त्या निमित्तानं नवी गाणी होणारच, स्टुडिओत ध्वनिमुद्रित होणार, पुन्हा विकली आणि वाटली जाणार. ‘सॅक्सोफोन कोलोसस’ कुठल्या दिवशी, कुणाच्या घरात, कोणत्या चौघांनी वाजवला हे आपल्याला इतक्या वर्षांनीही सांगता येतं, कारण कुणीतरी ते त्याच वेळी लिहून ठेवलं. शताब्दीची गाणी करणाऱ्यांनी तेवढं करावं: कवी आणि गायकाखाली पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, सॅक्सोफोनवर कोण, त्यांचं गाव कुठलं, तारीख कोणती, स्टुडिओ कोणता. खालूबाजा घेतला तर पार्टीच्या नावाबरोबर सनईवाल्याचंही नाव. त्यावर मराठीत लिहायला घेणाऱ्याला मग निदान कुणाबद्दल लिहायचं ते तरी कळेल.